उशिराचं कारण

मी शिकवायचे ती शाळा सकाळची होती. दुपारी एकच्या सुमाराला मी घरी परत यायचे. फाटक ढकललं की अंगणातल्या कडुलिंबाखाली आमचे घरमालक आणि त्यांची बायको बाकावर शेजारी शेजारी बसलेले दिसायचे. थंडीचे दिवस, पानांतून गळून खाली आलेलं ऊन, आणि दोघांची तोंडं रस्त्याकडे. काकू नेहमी डावीकडे, कारण त्यांना खिडकी लागायची. काका उजवीकडे, आणि त्यांचा एक हात कपडे वाळत घालायच्या खांबाला घट्ट धरलेला. खिडकी अर्थातच नव्हती. बसही नव्हती. पण काका डोळे न उघडता मला म्हणायचे, "चढ लवकर. मागची सीट रिकामी हाय. मथुरा आत्ताच सुटली."

मी वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या मागच्या पायरीवर बसायचे. सकाळपासून पोरींवर ओरडून घसा बसलेला असायचा, पोटात भूक असायची, तरी बसायचे.

"ऊस आला बगा," काकू म्हणायच्या.

"ऊस नाय तो. बाजरी व्हती."

"ऊस व्हता. बाजरी परतीच्या वाटंला."

"बरं. ऊस."

मग दोघं रस्ता बघत राहायचे. रस्त्यावरून एखादी सायकल जायची, कल्हईवाला ओरडत जायचा, आणि मला खरंच वाटायचं की आपण कुठंतरी चाललो आहोत, आणि नागेश्वरवाडीची ती गल्लीच हळूहळू मागं सरकते आहे. वह्या तपासायच्या राहून जायच्या. काशीयात्रेहून येऊन त्यांना दोन महिने झाले होते, पण काका अजून घरी पोचले नव्हते. पोचायचं त्यांनी ठरवूनच टाळलं होतं.

गल्लीत त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. तीस वर्षं ते बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागायची, कधी सुटायची, ते यांच्या शिट्टीवर. निजामाच्या काळात नोकरीला लागले. पोलीस ॲक्शननंतर स्टँडवरच्या उर्दू पाट्या उतरल्या आणि मराठी चढल्या, पण काकांची जीभ मधेच कुठंतरी राहून गेली. "जालना जानेवाली गाडी फलाट तीनवर लागली आहे, मुसाफिरांनी आपापलं सामान सांभाळावं," असं ते म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते सरळ मराठीच वाटे. सोलापूर, नागपूर, हैदराबाद, सगळीकडे त्यांनी गाड्या सोडल्या. स्वतः मात्र जालन्याच्या पुढं कधी गेले नव्हते. का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं.

"ज्यानं गाडी सोडायची त्यानं गाडीत बसायचं नसतं, बेटा," ते म्हणाले. असा काही नियम असेल असं मला वाटत नाही.

त्यांचा सगळा जीव त्या मनगटावरच्या घड्याळात होता. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना ते लावायचं, चावी द्यायची, कानाला धरून ऐकायचं. जेवण बारा चाळीसला म्हणजे बारा चाळीसला. पाहुणा पाचला येतो म्हणाला आणि पाच दहाला आला, तर दार बंद. आत काका डोळ्यांवर पेपर घेऊन बसलेले असायचे आणि पाहुणा बाहेर कडी वाजवत असायचा. वक्त म्हंजे वक्त.

मी सिल्लोडहून नोकरीसाठी आले आणि खोली बघायला त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते दारातच उभे होते.

"किती वाजता येणार होतीस?"

"चार वाजता."

"चार वाजून सहा मिनिटं झाली. खोली गेली."

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात आतून एक बारीक, ठाम आवाज आला. "पोरी, त्यांना सांग, घर माझ्या नावावर हाय. आन तू सामान घिऊन ये."

'त्यांना' म्हणजे माझ्यासमोर उभ्या असलेल्या या गृहस्थांना. बोलणारी बाई त्यांच्यापासून दोन हातांवर होती. मी वेड्यासारखं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सांगितलं, "काकू म्हणतात, घर त्यांच्या नावावर आहे."

"ऐकलं," काका म्हणाले, आणि बाजूला झाले.

अशी मी त्या घरात राहायला आले आणि पहिल्याच दिवशी निरोप्याच्या कामाला लागले. नवरा-बायकोचा अबोला होता. चार दिवसांचा, महिन्याचा नव्हे. नऊ वर्षांचा. मी नसले की दोघं घरातल्या वस्तूंशी बोलत. काकू मांजराला सांगत, "मने, भाजी संपलीय म्हणावं." काका दाराला सांगत, "स्टँडवर जाणारे निघाले आहेत." ताट एकदा वाजलं की जेवण, दोनदा वाजलं की चहा. भांडणाचा आवाज त्या घरातून कधी आला नाही, आणि कुठलाच आवाज आला नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. मैत्रिणींना नकला करून दाखवायचे मी. मग एके दिवशी मेथी निवडता निवडता काकूंनी मला कारण सांगितलं, आणि त्यानंतर नकला बंद झाल्या.

काकूंचं माहेर अजिंठा. लेण्यांचं नव्हे, त्याच्या अलीकडचं गाव. नऊ वर्षांपूर्वी सकाळी सकाळी निरोप आला होता की आईचं काही खरं नाही, असशील तशी ये. अजिंठ्याकडे जाणारी गाडी दहाची. काकू पिशवी घेऊन निघाल्या आणि अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं, आईच्या तोंडात घालायला गंगा नाही. आईनं तेवढंच एक मागून ठेवलं होतं.

"परत फिरले," काकू म्हणाल्या. "शेजारणीकडं गंगा व्हती. तिनं बाटलीत घालून दिली. पळत आले मी, माय. फाटकातून शिरले तर गाडी फलाटावरच उभी. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग घड्याळाकडं बघितलं. आन शिट्टी मारली."

मी मेथीची जुडी खाली ठेवली.

"दुसरी गाडी तिनाची. तवर तिथंच बाकावर बसून राह्यले. ह्यांच्या समोर. हे आपले गाड्या सोडू राह्यले. मी पोचले तव्हा घरात पणती लावलेली व्हती. आईला घिऊन गेले व्हते."

बाटली त्यांनी तशीच परत आणली आणि शेजारणीला देऊन टाकली. एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं, असं काकू म्हणाल्या. पण तेराव्यानंतर घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला एकच विचारलं. दोन मिनिटं थांबवली असती गाडी तर काय झालं असतं? आणि काका म्हणाले, "रजिस्टरात उशिराच्या कारणाचा रकाना असतो. त्यात काय लिहू? बायको यायची होती, असं?"

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

काकांना याचं काय वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता. ते त्या विषयावर माझ्याशी बोलत नसत आणि मी विचारायला धजत नसे. फक्त एवढं मी पाहिलं होतं की सकाळी दहा वाजले की ते जिथं असतील तिथं थोडे थांबायचे. आमच्या घरापर्यंत स्टँडवरचे हॉर्न ऐकू यायचे. दहाची गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर पडून वळली की मग ते पुन्हा हलायचे. ते रिटायर झाल्यावरही हे चालूच राहिलं.

आणि मग त्या यात्रेचा सगळा घोटाळा झाला. गल्लीच्या टोकाला एका यात्रावाल्यानं पाटी लावली, काशी-गया-जगन्नाथ, पंचेचाळीस दिवस, बसनं. काकूंनी मला बरोबर नेऊन स्वतःचं एकटीचं नाव घातलं. घरात कुणाला सांगू नको, म्हणाल्या. मी नाही सांगितलं. तिकडं काकांनीही आपलं एकट्याचं नाव घातलं होतं. त्यांनीही मला सांगितलं नव्हतं, म्हणून मला तरी कसं कळावं? यात्रावाल्यानं यादीत एक आडनाव आणि एक पत्ता बघितला, आणि भल्या माणसानं दोघांना शेजारच्या सीटा दिल्या. सतरा आणि अठरा.

निघायच्या दिवशी दोघं दोन वळकट्या घेऊन दोन दारांनी बाहेर पडले आणि बसच्या पायरीशी समोरासमोर आले. मी पोचवायला गेले होते, दोघांनाही. माझी अवस्था काय झाली असेल ते विचारू नका. काका म्हणाले, "हिला सांग, खिडकी तिला." ते मी सांगितलं. मग बस निघून गेली आणि मला एकदम आठवलं की आता पंचेचाळीस दिवस यांचे निरोप कोण पोचवणार?

ते परत आले ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. मी पोहे करत होते. फाटकाशी टांगा थांबल्याचा आवाज आला, आणि मग काकांचा आवाज.

"सावकाश. पायरी उंच हाय."

"दिसतीया मला," काकू म्हणाल्या.

मी झारा हातात घेऊन बाहेर आले आणि तशीच उभी राहिले. पोहे करपले. माझी निरोप्याची नोकरी गेली होती आणि मला इतका आनंद झाला होता की मी ओक्साबोक्शी रडले.

आता कुणीही यात्रेहून आलं की काय करतं? वळकटी सोडतं, चादरी उन्हात टाकतं, घरात साठलेल्या धुळीला नावं ठेवतं, दूधवाल्याला उद्यापासून ये म्हणून सांगतं. दोन दिवसांत जुनं घर जुन्या जागी येतं. काकूंनीही तेच सुरू केलं. पण काकांनी आपल्या ट्रंकेची दोरी सोडली नाही. पलंग असताना ते खाली वळकटीवर झोपू लागले. पाण्याची कॅनव्हासची छागल खुंटीला टांगली आणि तिच्यातलंच पाणी प्यायचे. जेवायला यात्रेतली ॲल्युमिनियमची ताटली, मागं रंगानं सतरा लिहिलेली. रोज सकाळी यात्रावाला घ्यायचा तशी ते हजेरी घ्यायचे.

"सतरा? हजर," स्वतःच म्हणायचे. "अठरा?"

"हाय की," आतून काकू.

"मागची?"

"हजर," मी म्हणायचे. काय करणार?

घड्याळ मनगटावर नव्हतं. ते ट्रंकेत कुठंतरी बंद पडून होतं. काका सकाळी उठून गल्लीत फिरायला निघायचे ते नवख्या गावात उतरल्यासारखे, हात मागं बांधून, घरांच्या कौलांकडे बघत. कोपऱ्यावरच्या वाण्याला त्यांनी एकदा विचारलं, "इथं बघण्यासारखं काय हाय?" वाणी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होता. तो म्हणाला, "तुम्हीच."

काका खूश होऊन घरी आले आणि काकूंना म्हणाले, "माणसं चांगली हायत या गावची."

लोक म्हणाले, कंट्रोलर भ्रमिष्ट झाले. मला तसं कधी वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांत सगळी ओळख शाबूत होती. आणि खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांइतकं सुखाचं घर मी दुसरं पाहिलं नाही. कुणाला कसली घाई नव्हती. दुपारी बाकावर बसून दोघं सगळा रस्ता पुन्हा पहिल्यापासून काढायचे, नर्मदेचा पूल, मथुरेची माकडं, ढाब्यावरच्या बाजा, धुक्यात हरवलेला एक अख्खा दिवस. मी कुठंच गेले नव्हते, पण आजही डोळे मिटले की मला तो रस्ता दिसतो.

गया आली की मात्र दोघं जरा थांबायचे. मग एक जण सुरुवात करायचा.

गयेला बस सकाळी दहाला सुटणार होती. सगळे आले, काकू आल्या नाहीत. नदीकाठी आईच्या नावानं पाणी सोडायला गेल्या होत्या. यात्रावाल्यानं अर्धा तास वाट बघितली. पुढच्या मुक्कामी चाळीस माणसांची सोय केलेली, त्याचाही इलाज नव्हता. तो म्हणाला, एक माणूस मागं ठेवतो, तो मावशींना रेल्वेनं घेऊन येईल, आणि ड्रायव्हरला गाडी चालू करायला सांगितलं.

"मग हे उतरले," काकू म्हणायच्या, जणू त्या तिथं होत्या. "आन चाकाम्होरं मांडी घालून बसले."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गाडीनं सांगितलं. ड्रायव्हर हॉर्न मारू राह्यला, हे हलंना. हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं म्हणं."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकू आल्या. नवरा धुळीत बसलेला, भोवती चाळीस माणसं चिडलेली. नऊ वर्षांनी त्या त्याच्याशी पहिलं वाक्य बोलल्या. "गाडी किती लेट झाली?"

काका म्हणाले, "माहीत नाय. मी घड्याळ बघितलं नाय."

एकदा काका आत गेल्यावर काकूंनी मला हळूच सांगितलं होतं, "मला हॉर्न ऐकू येत व्हता, पोरी. नदी जवळच व्हती. पर उठावं वाटंना." एवढं सांगून त्या उठल्या आणि वाळत घातलेल्या चादरी काढू लागल्या.

हे असं स्वप्नासारखं चाललं असतं तर मी तिथंच म्हातारी झाले असते. पण देवघरात गंगेचा गडू होता. तांब्याचा, तोंड लाखेनं बंद केलेला. काशीहून आल्यावर गंगापूजन करायचं, माणसं बोलावून जेवू घालायची, त्याला मावंदं म्हणतात. त्या दिवशी गडू उघडायचा. मावंदं झालं की यात्रा संपली, तोवर नाही. काकूंना त्या गडूतली गंगा अजिंठ्याला न्यायची होती. आईला नेलं होतं त्या जागी नदीच्या काठाला ओतायची होती. नऊ वर्षांपूर्वी बाटलीतून पोचली नाही, ती आता पोचवायची होती. त्या दुसरं काही मागत नव्हत्या.

आणि काका मावंदं करू देईनात. आधी म्हणाले, पौष आहे. मग संक्रांत झाली तरी आचारी मिळत नाही म्हणाले. आचारी मिळाला तर आपला खोकला पुढं केला. काकू रोज गडू पुसायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, आणि त्यांचं ते काही न बोलणं मला ओळखीचं वाटायला लागलं. मला भीती वाटली. एका दुपारी काका एकटेच बाकावर होते तेव्हा मी त्यांच्यावर चिडले.

"काका, शोभतं का तुम्हाला? त्यांच्या आईसाठीची गंगा तुम्ही अडवून धरलीय. दुसऱ्यांदा."

त्यांनी खांब आणखी घट्ट धरला.

"तुला काय वाटतं, मला कळत नाय?" ते म्हणाले. "यात्रा चालू हाय तवर ती बोलती. यात्रेत अबोला धरत नसतात, तो यात्रावाला पहिल्याच दिवशी बोलला व्हता. यात्रा संपली की घर. घर म्हंजे तेच मी, तेच रजिस्टर, तोच दहाचा हॉर्न. तिला सगळं याद येईल. आन ती पुन्हा मांजराशी बोलू लागली तर मी काय करू, बेटा? आता माझ्याच्यानं ते नाय सोसणार."

एवढा शिस्तीचा माणूस, तीस वर्षं शिट्टीवर गाड्या हलवलेला, आणि त्याला घरी पोचायची भीती वाटत होती. मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. मी आत गेले आणि आपणहून एक निरोप पोचवला. शब्दाला शब्द सांगितला.

काकू गडू पुसत होत्या. त्यांनी तो खाली ठेवला, फडक्याची नीट घडी केली. "खुळा माणूस," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "येत्या शनवारी मावंदं. आचाऱ्याला तूच सांग."

शनिवारी अंगणात पंगती बसल्या. पुरण होतं, वरणभात, वांग्याची भाजी. गल्लीतली सगळी माणसं आली, तो वाणीसुद्धा आला. काका पांढऱ्या टोपीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते आणि बायकोकडे बघत नव्हते. गडूची पूजा झाली, गुरुजींनी लाख फोडली. त्या क्षणी काका वाढायचं भांडं तिथंच ठेवून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. काकूंनी सगळ्यांच्या हातावर गंगा दिली. काकांच्याही हातावर द्यायला गेल्या, तर त्यांनी मान खाली घालून ती घेतली. बोलायची पाळी आता काकूंची होती, पण चार बायका त्यांना ओटी भरायला ओढून घेऊन गेल्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर काकूंचं अंग इतकं मोडून आलं होतं की त्या दिवेलागणीलाच आडव्या झाल्या. काकांनी ट्रंकेची दोरी सोडली. वळकटी झटकून कपाटात ठेवली, छागल रिकामी करून उलटी टांगली. मग ट्रंकेच्या तळातून घड्याळ काढलं, चावी दिली आणि कानाला लावून ऐकलं. मी ते पायरीवरून बघत होते आणि मला ते मुळीच बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा काका घरात नव्हते. हजेरी झाली नाही. काकूंनी चहा केला, तीन कपांत ओतला, तिसरा कप बराच वेळ तिथंच राहिला. रविवार होता, काकूंना अजिंठ्याला आणि मला सिल्लोडला घरी जायचं होतं, दोघींची गाडी एकच, दहाची. काकूंनी छोट्या गडूत गंगा घेतली, तोंडाला फडकं बांधलं. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सगळं संपलं, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

स्टँडवर गाडी लागलेली होती. काकूंनी मला मागच्या सीटवर बसायला सांगितलं आणि स्वतः पुढच्या दोनाच्या सीटवर बसल्या, खिडकीशी. शेजारी पिशवी ठेवली. एक बाई पिशवी उचलायला लागली तर म्हणाल्या, "माणूस हाय तिथं."

दहा वाजले. नवा कंट्रोलर, काकांच्याच हाताखाली तयार झालेला, तोंडाला शिट्टी लावत पुढं आला. काकू उठल्या. गडू माझ्या हातात दिला आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या, एक पाय पायरीवर, एक पाय फलाटावर.

"दोन मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या.

"मावशी, टाइम झाला," कंडक्टर म्हणाला.

"टाइम म्हंजे काय ते मला नका सांगू. थांबा."

गाडीत कुरकुर सुरू झाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकू हलल्या नाहीत आणि त्यांनी हाकही मारली नाही. त्या नुसत्या पाणपोईच्या भिंतीकडे बघत होत्या. मीही बघितलं. भिंतीच्या पलीकडच्या बाकावर पांढरी टोपी दिसत होती. नऊ वर्षांपूर्वी काकू तीन वाजेपर्यंत बसल्या होत्या तो बाक. टोपी खाली झुकलेली होती. दुसरा हॉर्न झाला तेव्हा ती वर झाली.

काकांनी आम्हाला बघितलं. गाडीला बघितलं, दारात उभ्या असलेल्या बायकोला बघितलं. मग ते उठले आणि चालायला लागले, आणि चालता चालता पळायला लागले. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडीमागं पळताना बघितलं होतं. स्वतः पळताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, टोपी एका हातात, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात. दारापाशी येऊन ते थांबले, धापा टाकत. सवयीनं हात वर गेला.

"सात मिनिटं लेट झाली गाडी," ते म्हणाले.

"व्हऊ द्या," काकू म्हणाल्या. "चढा. पायरी उंच हाय."

ते चढले. काकूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ते शेजारी बसले. तेवढ्यात नवा कंट्रोलर रजिस्टर घेऊन खिडकीशी आला. बिचारा अवघडला होता.

"काकू, सात मिनिटं झाली. रजिस्टरात कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

काकांची मान खाली गेली. मला मागून त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

काकू म्हणाल्या, "लिव्हा. घरचं माणूस यायचं व्हतं."

कंट्रोलरनं आपल्या जुन्या साहेबांकडे बघितलं. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि रजिस्टर मागून घेतलं. चष्मा लावला, रजिस्टर मांडीवर धरलं, आणि तो रकाना शोधून स्वतःच्या हातानं एक एक अक्षर लिहिलं. त्यांना लिहायला वेळ लागला. गाडी आणखी दोन मिनिटं थांबली.

फुलंब्रीपर्यंत दोघं काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याची मला भीती वाटली नाही. बाहेर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती.

"ऊस आला बगा," काकू म्हणाल्या.

काकांनी बाहेर बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "ऊसच हाय."